नागपूरच्या सिस्टरची साक्ष

"तिनं त्या माणसाचं नाव घेतलं होतं का?" तहमीनानं हिंदीत पुन्हा विचारलं.

अनुराधाबाईंनी कप खाली ठेवला. ही तरुण वकील ढाक्याहून थेट लंडनच्या एजवेअर भागात, त्यांच्या घरी आली होती. एकाहत्तर सालच्या कत्तलींचा खटला तिकडे इतक्या वर्षांनी उभा राहिला होता. साक्षीदार देशोदेशी पांगलेले, आणि एक आरोपी तर इंग्लंडमध्येच सुखात नांदत होता. म्हणून तिथल्या न्यायालयानं ब्रिटनकडे मदत मागितली होती. जोबेदा नावाच्या एका बाईनं त्याच्याविरुद्ध साक्ष देताना सांगितलं होतं, 'निर्वासितांच्या छावणीत नागपूरची एक सिस्टर होती, अनुराधा. तिला विचारा.'

"म्हणजे ती आहे अजून!" अनुराधाबाईंना राहवेना. "कशी दिसते आता? कुठं राहते? लग्नबिग्न केलं का तिनं?"

"आज्जी, त्यांचा क्वेश्चन काय आहे ते सांग ना," नात तनिषा म्हणाली. लंडनमध्येच जन्मलेली पोर. "हा नाव खूप इम्पॉर्टंट आहे."

पंधरा-सोळा वर्षांची जोबेदा अनुराधाबाईंना लख्ख आठवत होती. मनगटांवर दोर रुतून झालेल्या जखमा. पुरुषाचा आवाज आला की खाटेखाली शिरायची.

"दिवसभर बोलायची ती," त्या म्हणाल्या. "मी 'हं, हं' करत ड्रेसिंग करायचे. पण मला बंगालीचं ओ की ठो कळत नव्हतं. नाव घेतलंही असेल. मला नाही सांगता येणार."

तहमीनाचा चेहरा उतरला.

"आज्जी, तो गिल्टी आहे! फक्त यस म्हण ना."

"नको," तहमीनाच म्हणाली. "आठवतं तेवढंच सांगा."

"जखमा मी पाहिल्यात, त्या सांगते," अनुराधाबाई म्हणाल्या. "न कळलेलं कळलं म्हणाले, तर त्याचा वकील माझ्याबरोबर तिलाही खोटी पाडेल."

पुढच्या आठवड्यात क्रॉयडनला एका पोलीस अधिकाऱ्यासमोर त्यांनी जबाब दिला. जखमा किती खोल होत्या, कशा चिघळल्या होत्या, सगळं सांगितलं. नाव मात्र नाही.

उन्हाळ्यात तहमीनाचा फोन आला. तो माणूस त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरला होता. पण तिकडे त्याला फाशी झाली असती, म्हणून ब्रिटन त्याला पाठवणार नव्हतं. तो आपल्या घरीच होता.

"मग उपयोग काय झाला?" तनिषा चिडून म्हणाली.

अनुराधाबाईंनी तिला हातानं थांबवलं. "जोबेदा आली होती कोर्टात?"

"आल्या होत्या. तुमचा जबाब बंगालीत वाचून दाखवला. न्यायाधीश बसा म्हणाले, पण त्या शेवटपर्यंत उभ्या राहून ऐकत होत्या."

"आणि मग?"

"मग पदर सारखा केला, कोर्टाला सलाम केला आणि चालत बाहेर गेल्या."

"कुणाबरोबर?"

"एकट्याच."