आकाराम मिस्त्रीचा इंच

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. उद्यमनगरातल्या आपल्या फाउंड्रीत हंबीररावांनी कॉम्प्युटर आणला आणि नजीराला त्याच्यासमोर बसवलं. ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात त्या लाकडी पॅटर्नची मापं काढणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा संच, तिनं लिहिला. ती मापं आकाराम मिस्त्रीच्या जुन्या पॅटर्नशी जुळवून बघायची, हीच तिची टेस्ट. टेस्ट पास झाली की मिस्त्रीला घरी बसवायचं, असं मालकांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं. तेही तीस वर्षं पॅटर्न करणाऱ्या माणसाच्या तोंडावर! मालकांच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं.

पण टेस्ट आधी कंपाइल तर व्हायला हवी. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर एकाच तक्रारीवर अडून बसला होता: ‘इंच’ हा मॅक्रो, म्हणजे आकड्याला दिलेलं नाव, दोनदा दिलाय, दोन वेगळ्या आकड्यांनी. लायब्ररीत इंच होता २५.४ मिलिमीटरचा, टेस्टच्या फाइलीत २५.६५ चा. हा दुसरा आकडा नजीरानंच मिस्त्रीच्या पट्टीला व्हर्निअर लावून घेतला होता. शाळेत शिकलेला इंच खरा, असं म्हणून तिनं मिस्त्रीच्या इंचाची ओळ खोडली. कंपायलर गप्प झाला, पण टेस्टची मापं एकजात चुकली.

ती तडक पॅटर्न शॉपमध्ये गेली.

“काका, तुमची पट्टी चुकीची हाय.”

“माझी पट्टी?” आकाराम भडकला. “अगं, ओतलेलं बीड थंड झालं की अंग चोरतंय, आकसतंय. शंभराला एक. म्हणून पॅटर्नचा इंच मोठा धरायचा. तुझा इंच तयार मालाचा, माझा पॅटर्नचा. दोन्ही बरोबर हायत की!”

नजीराला स्वतःचीच लाज वाटली. दोन खऱ्या आकड्यांना तिनं एकच नाव देऊन ठेवलं होतं. ती जायला वळली आणि थांबली.

“काका, टेस्ट पास झाली की तुमचं काय होणार, ठावं हाय न्हवं?”

“ठावं हाय की. म्हणून खोटं सांगू व्हय?”

तिनं नावं वेगळी केली: एक मालाचा इंच, एक बिडाचा. कंपायलरनं चकार शब्द काढला नाही. तेवढ्यात हंबीरराव येऊन खुर्चीमागं उभे राहिले. पाठोपाठ आकाराम आला आणि त्यानं टेबलावर आणखी तीन पट्ट्या ठेवल्या.

“पितळ, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम. ह्यांचं इंच आणि निराळं. ह्ये बी घाल आत. उगं माझ्यापायी एखादं ओतीव वाया जायला नको.”

नजीराचे डोळे भरून आले. पडद्यावर बिडाची सगळी मापं जुळली होती.

“काय, झाली का पास?” हंबीररावांनी विचारलं.

“न्हाय मालक,” ती म्हणाली. “आता तीन इंच वाढले. त्यांच्या टेस्टा अजून लिहायच्यात, आणि मापं काकांनीच द्यायची हायत.”