आजीचे वजन वजा जाता

मित्रांनो, आधी चपला काढा, मग माझ्यावर उभे राहा. हं, आता ऐका. मी एक जुना वजनकाटा आहे. चौकोनी अंग, पाठीवर काळ्या रबराची चटई, पुढे काचेची गोल खिडकी आणि त्या खिडकीत एक लाल सुई, एवढाच माझा संसार. खोटे बोलणे मला कधी जमले नाही. त्यामुळे माझे लाड करणारे थोडे आणि मला पायाने पलंगाखाली ढकलणारे फार.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पोटात जाड स्प्रिंग बसवल्यावर तपासनिसांनी माझ्यावर लोखंडी वजने ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. सुई केसभरही चुकली नाही. त्यांनी माझ्या कपाळावर शिक्का मारला. तेव्हापासून मला आपल्या सचोटीचा थोडा गर्व आहे. थोडा म्हणजे भरपूर आहे, खोटे कशाला सांगू?

बाबांनी मला विकत आणले ते ठकीसाठी. ठकी तेव्हा तान्ही होती आणि माझ्यावर ठेवली की घोरपडीसारखी सरपटत खाली उतरत असे. मग आजीने युक्ती काढली. ती ठकीला कडेवर घेऊन माझ्यावर उभी राहायची, मग ठकीला आईकडे देऊन एकटी उभी राहायची. पहिल्यातून दुसरे वजा केले की ठकी उरायची. पुढे तर आजीला दुसऱ्यांदा उभे राहण्याचीही गरज उरली नाही. तिचे वजन कायमचे पंचावन्न. सण असो, आजारपण असो, पाव किलोही इकडचे तिकडे नाही.

"आजीचे पंचावन्न वजा जाता" हा त्या घराचा मंत्रच झाला. ठकी, मांजर, लाल भोपळा, रद्दीचा गठ्ठा, सगळे काही आजीच्या कडेवर बसून माझ्यावर येऊन गेले. बाबांनी एकदा ही जबाबदारी घेऊन पाहिली. पण ते स्वतःचे लग्नातले वजन वजा करत. त्यामुळे आठ किलोची रद्दी वीस किलो भरली आणि रद्दीवाल्याने कपाळाला हात लावला. तेव्हापासून बाबांना हे काम पुन्हा कुणी सांगितले नाही.

अशी माझी सुखाची वर्षे चालली असताना बाबांना परदेशातल्या एका कारखान्यात यंत्रे दुरुस्त करण्याची नोकरी लागली. सगळ्या घरानेच जायचे ठरले. आठवडाभर मला उसंत नव्हती. बॅग माझ्यावर ठेवली की माझी खिडकी झाकली जायची, म्हणून आजी उभी राहायची आणि आई-बाबा तिच्या हातांत बॅग देऊन क्षणभर सोडायचे. आजी दात-ओठ खाऊन ओरडायची, "बघा लवकर! आकडा बघा, माझ्याकडे काय बघताय?" एक स्वेटर काढ, दोन मोजे घाल, असे करत करत सगळ्या बॅगा परवानगीच्या काठोकाठ भरल्या.

निघता निघता आजी थबकली. "अरे, आणि काटा?"

"आई, तिथे काय काटे मिळत नाहीत का?" बाबा म्हणाले.

"तिथले काटे तिथल्या माणसांना. आपल्या माणसांना आपलाच काटा."

हे ऐकून माझा ऊर भरून आला. आजीने मला आईच्या परकरात गुंडाळले आणि सर्वांत गच्च भरलेल्या बॅगेत कोंबले. पुढे काय झाले असेल ते तुम्ही ओळखले असेल. विमानतळावर बॅग पट्ट्यावर ठेवली आणि वजन जास्त निघाले. आजी गणवेशातल्या मुलीवर कडाडली, "तुमचा काटा खोटा आहे! आम्ही घरी तोलून आणलंय!" बाबांनी सर्वांसमोर बॅग उघडली, परकर उलगडला आणि मी बाहेर आलो. बॅग जेवढी जास्त होती तेवढे बरोबर माझेच वजन होते. साऱ्या घराचे सामान मी तोलले, पण माझे वजन धरायचे कुणाच्या डोक्यातच आले नाही. पुढचा सगळा प्रवास मी आजीच्या मांडीवर केला.

नवे घर तिसऱ्या मजल्यावर होते. खोल्या लहान आणि स्वयंपाकघर सोडले तर भिंतीपासून भिंतीपर्यंत उंदराच्या रंगाचा जाडजूड गालिचा. न्हाणीघर इतके चिंचोळे, की मला तिथे ठेवले तर दार उघडेना. म्हणून मला बाहेरच्या बोळात ठेवले. पहिल्या रविवारी ठकी माझ्यावर उभी राहिली आणि मी गालिच्यात रुतलो. चिखलात बैल रुतावा तसा. माझे चार पाय दिसेनासे झाले, वरच्या पत्र्याच्या कडा गालिच्याला टेकल्या आणि ठकीचा बराचसा भार परस्पर गालिच्यानेच उचलला. माझ्या स्प्रिंगपर्यंत पोचला तेवढा मी प्रामाणिकपणे दाखवला. ओरडून सांगावेसे वाटत होते, "अहो, मला उचला इथून!" पण मला तोंड नाही, फक्त सुई आहे.

आजीने आकडा पाहिला आणि तिच्या हातातला टॉवेल गळून पडला. "पोरगी वाळली की गं!"

मग आई-बाबांचीही तपासणी झाली. आई वाळली होती. बाबा तर अर्धे झाले होते. आजीने निकाल दिला, "इथलं पाणी मानवत नाहीये. अन्न अंगालाच लागत नाही." आणि तिने कंबर कसली. दुधावर साय, सायीवर साखर, पोळीवर तूप, तुपावर पुन्हा तूप. ठकी नको म्हणाली तर एक घास बाबांचा, एक घास आईचा, एक घास घरमालकाचा. दर रविवारी तिघे माझ्यावर उभे राहत, दर रविवारी मी गालिच्यात रुतत असे आणि आजी तुपाचा चमचा बदलून डाव घेत असे.

बाबा मात्र खूश होते. आपण सडपातळ झालो या आनंदात ते दुसऱ्यांदा वाढून घेत. पुढे कारखान्यात वाकून नट आवळताना त्यांच्या पँटचे बटण सुटून साहेबांच्या चष्म्यावर जाऊन आपटले. घरी येऊन म्हणाले, "इथलं धुलाईचं मशीन कपडे आटवतं."

आईने शेवटी ठकीला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आपल्या काट्यावर तिला उभे केले आणि मुलगी छान भरली आहे असे सांगितले. आजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्याचा काटा त्याच्या सोयीचा. आपला घरचा काटा कधी खोटं बोललाय का?" मित्रांनो, आयुष्यभर ज्या वाक्यासाठी मी झिजलो, ते ऐकून मला त्या दिवशी बुडून मरावेसे वाटले.

माझी खरी चाहती एकच होती. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, उंच आणि दणकट बांध्याच्या एक म्हाताऱ्या शिंपीणबाई. आजीची आणि त्यांची भाषा एक नव्हती. जिन्यात भेटल्या की दोघी माना हलवत, इतकेच. एकदा त्या आमचे चुकून त्यांच्याकडे गेलेले टपाल द्यायला आल्या आणि बोळात मला पाहून सहज उभ्या राहिल्या. सुईकडे पाहून त्यांचे डोळे विस्फारले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आजीला मिठी मारली आणि पुढच्या रविवारी माझी काच पुसायला स्वतःचा रुमाल घेऊन आल्या. एकही रविवार त्या चुकवेनात. आजी म्हणायची, "या बाई एवढ्या हसतात, म्हणजे नक्कीच काहीतरी दुखतंय यांचं."

दिवस जात होते. शाळेत पहिले काही महिने तोंड न उघडणारी ठकी आता मैत्रिणीशी दंगा करत जिने चढायची. आई एका वाचनालयात कामाला जाऊ लागली. घरातून सगळे गेले की मी आणि आजी दोघेच उरत असू. आजी बोळातून येरझाऱ्या घालायची, खिडकीतून खाली बघायची, परत यायची. माझ्यावर मात्र ती कधी उभी राहिली नाही. कशाला राहील? तिचे वजन सगळ्यांना पाठच होते.

आणि एका रविवारी ठकीचा आकडा पाहून आजीने जाहीर केले, "बास झालं. मी पोरीला घेऊन परत जाते. तुम्ही राहा इथे, वाळत."

"आई, अगं शाळा आहे तिची," बाबा म्हणाले.

"जीव राहिला तर शाळा!"

आईचे डोळे भरले. "मीच कामाला लागले ना... म्हणून तिच्या खाण्याकडे..." ठकीला जायचे नव्हते, पण आजीला नाही म्हणायची तिची छाती नव्हती. ती नुसती दाराच्या कडीशी चाळा करत उभी राहिली. माझ्या सुईमुळे एक घर दोन देशांत फाटणार होते आणि त्यावर माझा इलाज नव्हता.

बॅग भरायला काढली. या वेळी आईने बॅग धरली आणि ती माझ्यावर उभी राहिली. आई आणि बॅग यांच्या भाराने मी इतका खोल रुतलो, की आकडा फारच लहान आला. "अजून खूप बसेल," म्हणत आजी भरत राहिली. पातेली गेली, खलबत्ता गेला. मग बाबा बॅग उचलायला वाकले आणि तिथेच राहिले.

"आई, काटा म्हणतो हलकी आहे, पण कंबर काही वेगळंच म्हणतेय."

"कंबरेला व्यायाम नाही तुझ्या. काटा बरोबर आहे."

त्या अगडबंब बॅगेने सारा बोळ अडला. ठकीचे त्या रविवारचे वजन व्हायचे राहिले होते. आजीचा नियम मोडायचा नाही म्हणून ठकीने मला उचलले आणि स्वयंपाकघरात नेऊन फरशीवर ठेवले. माझे चारही पाय फरशीवर 'टक' करून वाजले. किती दिवसांनी माझ्या पायांखाली टणक जमीन आली! ठकी उभी राहिली आणि माझी सुई सुसाट सुटली.

"आई! आजी! मी जाड झाले!"

सगळे धावले. ठकीने मला बोळाच्या तोंडाशी गालिच्यावर नेले, वाळली. स्वयंपाकघरात आणले, भरली. पुन्हा गालिच्यावर, पुन्हा फरशीवर. चौथ्या फेरीला बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. दिवसभर यंत्रे दुरुस्त करणारा हा माणूस हळूच म्हणाला, "गालिचा..." आणि खाली बसला. मग आई फरशीवर उभी राहिली, तीही भरली होती. मग बाबा उभे राहिले. सुई थांबायचे नाव घेईना.

"मला वाटतं, गालिच्यावरचाच आकडा खरा असेल," बाबा म्हणाले. आई हसता हसता ओट्याला टेकली.

"आता आजी," ठकी म्हणाली.

"माझं काय बघायचं? पंचावन्न."

पण ठकीने तिचा हात धरून तिला उभे केलेच. माझ्यावर ते पाय आले आणि मी मनात चरकलो. इतकी वर्षे ओळखत होतो मी ते पाय. सुई चढली, डगमगली आणि सत्तेचाळीसवर थांबली.

आईचे हसू ओसरले. "आई, दुपारी जेवता ना तुम्ही?"

"जेवते की. उभ्या उभ्या टाकते काहीतरी तोंडात." आजी पदराशी चाळवाचाळव करत म्हणाली, "एकटीसाठी कोण ताट वाढून घेतंय?"

एवढ्या दिवसांत वाळत होते ते एकच माणूस आणि ते दुसऱ्यांना तूप वाढत होते. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या क्षणी माझी स्प्रिंग आतल्या आत आखडली.

ठकीने नाक ओढले. "आजी, तिकडे गेल्यावर मी दिवसभर शाळेत असणार. मग तिथे तुझं ताट कोण वाढणार?"

आजी माझ्यावरून उतरली, डोळे पुसले आणि बाबांवर खेकसली, "बघत काय बसलायस? बॅग काढ आधी वाटेतून. माणसं धडपडतील."

तिकीट काढण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मी आता स्वयंपाकघरात राहतो. पुढच्याच रविवारी शिंपीणबाई रुमाल घेऊन आल्या, मला फरशीवर पाहून हसत उभ्या राहिल्या आणि अशी किंकाळी फोडली, की बाबांच्या हातून कप पडला. त्यांनी तडक मला उचलले, बोळात गालिच्यावर नेऊन ठेवले, पुन्हा उभ्या राहिल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आजी हसून हसून लाल झाली. तिने बाईंचा हात धरून त्यांना टेबलाशी बसवले आणि दोन ताटे वाढली. तेव्हापासून दुपारी त्या दोघी एकत्र जेवतात. दोघी एकाच वेळी बोलतात, आपापल्या भाषेत आपापल्या सुनांच्या कागाळ्या करतात आणि कुणाचेही काही अडत नाही. रविवारी मला बाईंपुरते बोळात नेतात. तेवढे खोटे मी आता पोटात घालतो.

माझी चटई फाटली आहे, काचेवर चरे पडले आहेत. मला जपा असे मी म्हणणार होतो, पण त्याहून महत्त्वाचे सांगतो. कुणी वाळला की फुलला हे ठरवण्याआधी काटा कशावर ठेवला आहे तेवढे वाकून बघा. आणि तुमच्या घरात सगळ्यांना तोलणारे जे माणूस असेल, त्याचे वजन पाठ आहे म्हणून वजा करत बसू नका. रविवारी पहिला नंबर त्याला द्या.

आमच्याकडे तो आजीचा असतो. मागच्या खेपेला त्रेपन्न भरली. अजून दोन हवेत. ती बघा, ठकी तिला हाताला धरून आणते आहे आणि ती वाटेतच चपला काढते आहे. मित्रांनो, आता जरा गप्प बसा. मला सुई स्थिर धरायची आहे.