ग्यानोबाची धोतरं

महादेवप्पांनी खळ्यावरची मूठभर दाळ उचलली, नाकाशी नेली आणि पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून अशी कचकचीत शिवी हासडली, की दाळ परतणाऱ्या बायांनी माना खाली घातल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि तोंडात ही भाषा. पण चूक त्यांची नव्हती. पिवळ्याधमक तूरदाळीवर मोहरीएवढे काळे कण बसले होते आणि दाळीला जळक्या टायराचा वास मारत होता.

अहमदपूरच्या बाहेर नांदेड रस्त्याला त्यांची दाळमिल. गावाच्या तोंडी ती अजून गिरणीच. तुरीला तेल-पाणी द्यायचं, भरडायची, कोंडा पंख्याने उडवायचा आणि दाळ उघड्या खळ्यावर उन्हात टाकायची, ही वडिलांची रीत अप्पांनी सोडली नव्हती. यंत्रात वाळवलेल्या दाळीला ते आजाऱ्याची दाळ म्हणत. नांदेडच्या मोठ्या व्यापाऱ्याला ही उन्हाचीच दाळ लागायची, आणि गिरणी त्या एका गिऱ्हाइकावर उभी होती. त्यानेच गेल्या आठवड्यात गाडी परत पाठवली. फोनवर एवढंच म्हणाला, "अप्पा, आणखी एकदा असा वास आला तर आपला रामराम."

"मी काय म्हणायलो अप्पा," मुलगा अमरनाथ म्हणाला, "बंद करू गिरणी. शिवकुमार खळं भाड्यानं मागायलाय. टायरं ठेवायला."

"माझ्या खळ्यावर टायरं?" अप्पा कडाडले. "माझ्या मढ्यावर ठेव आधी!"

शिवकुमार म्हणजे भिंतीपलीकडचा कारखानदार. जुनी टायरं भट्टीत शिजवून तेल काढायचा. पाच महिन्यांपूर्वी कारखाना सुरू झाला तेव्हा नारळ कुणी फोडला होता? अप्पांनीच. पंचायतीसाठी शेजाऱ्याची ना-हरकत लागते म्हटल्यावर सही कुणी ठोकली? अप्पांनीच, तीही चहाचा कप हातात यायच्या आत. शिवकुमारवर त्यांचं प्रेम उतू जात होतं असं नाही. गिरणीच्या पूर्वेला चतुराबाईचा गोठा होता. आता त्या म्हातारीला खरा धूर कसा असतो ते कळेल, एवढ्याच आनंदात अप्पांनी सही केली. वारा पश्चिमेचा असतो आणि मध्ये आपलं खळं आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. द्वेषाने माणूस आंधळा होतो म्हणतात. अप्पांचं तर नाकही गेलं होतं.

चतुराबाईचं आणि त्यांचं वैर कोंड्यावरून. गिरणीचा कोंडा तिच्या वैरणीवर बसायचा, देवणी गाई खोकायच्या, नवरा ग्यानोबा खोकायचा. ती पहिल्यांदा तहसीलात गेली तेव्हा भोपाळ होऊन गेलं होतं, दिल्लीत मोठा कायदाही झाला होता, पण तो अहमदपूरच्या टेबलापर्यंत पोचलेला नव्हता. "धुरळ्याला कसला कायदा बाई," म्हणून साहेबाने तिला वाटेला लावलं. पुढे कायदा पोचला. प्रदूषणवाल्यांची जीप आली, संमतीपत्र आलं, हवा मोजायचं यंत्र आलं. कायदा बदलला की चतुराबाई नवा अर्ज करायची आणि अप्पा नवी पळवाट काढायचे. जीप यायच्या दिवशी पंखा बंद, अंगणात पाणी शिंपलेलं, साहेबाला थंडगार ताक. यंत्रात काय घंटा धूळ सापडणार!

मग सरकारने कारखान्यांना रंग वाटले. लाल सगळ्यात वाईट, नारिंगी त्याखालोखाल, हिरवा बरा. अप्पांची गिरणी आधी नारिंगी होती, नंतरच्या यादीत हिरवी झाली. पंखा तोच, कोंडा तोच, भिंतीला चुन्याचा हातसुद्धा लागलेला नाही, आणि गिरणी हिरवी! अलीकडे तर कायद्यातली तुरुंगाची कलमं जाऊन दंड आला. त्या दिवशी अप्पांनी बाजारातून पेढे आणले आणि चतुराबाईच्या दारावरून मुद्दाम दोनदा गेले.

चतुराबाईला यंत्र परवडणारं नव्हतं. तिचं स्वतःचं एक यंत्र होतं. दरसाल दसऱ्याआधी ग्यानोबाच्या धोतराचा पाव तुकडा ती गोठ्याच्या पत्र्यावर आठ दिवस अंथरायची. मग न झटकता घडी घालायची आणि वर तारीख लिहायची. एका धोतराची चार सालं. ग्यानोबा गेल्यावरही तिने त्याची धोतरं कुणाला दिली नाहीत.

दोन हजार तीन साली ती हे तुकडे घेऊन लातूरला सुनावणीत उभी राहिली होती. तेव्हा अप्पांनी शपथपत्र दिलं. पंधरा फुटी भिंतीवरून धुरळा पलीकडे जात नाही. उघड्यावर टाकलेलं कापड हा पुरावा नव्हे. आणि तक्रारदाराच्या पतीला खोकला आहे तो विडीमुळे. ग्यानोबा माळकरी माणूस, त्याने जन्मात विडीला हात लावला नव्हता. हे अप्पांना ठाऊक होतं, वकिलाला ठाऊक होतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तक्रार निकालात निघाली. पुढच्या माघात ग्यानोबा गेला, आणि दवाखान्याच्या कागदावरही कुणीतरी विडीच लिहिली.

आता त्याच बाईच्या दारात जायची पाळी आली होती. अप्पांनी गेल्या आठवड्यातच मोबाइलवरून प्रदूषणवाल्यांकडे तक्रार केली होती, आता आठ दिवसांनी तपासणी ठरली होती. पण तपासणीच्या दिवशी भट्टी थंड असणार हे अप्पांना कुणी सांगायची गरज नव्हती. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. भट्टी पेटलेल्या दिवसांचा धूर दाखवेल असं गावात एकच काही होतं, आणि ते चतुराबाईच्या पेटीत होतं.

ती गाईपुढे कडबा टाकत होती. वर न बघताच म्हणाली, "तीस वर्सांत पयल्यांदा आलाव. घर सापडलं का लवकर?"

"चतुराबाई, त्या टायरवाल्यानं जीव नकोसा केलाय. तुमच्या बी गाईंला तरास असंल."

"हाय की. आधी तुमचा कोंडा खाल्ला, आता त्याचा धूर खायल्यात. बोला, काय काम काढलं?"

"ह्या सालचं कापड. काळं पडलं असंल. तेवढं साहेबापुढं ठेवा."

"ठिवते." तिने हात झटकले आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. "एका बोलीवर. ग्यानोबा विडी ओढत न्हवता आन मी खोटी शपथ खाल्ली, एवढं लिवून द्या. साहेबापुढं, तुमच्या हातानं."

अप्पांचं तोंड लाल झालं. "वीस वर्सांखालचं मढं कशाला उकरायली?"

"मढं माझं हाय. मी उकरंन न्हाई तर झाकून ठिवंन. तुम्ही कोण इचारणार?"

"मरंन, पण लिवणार न्हाई!"

"मंग मरा," चतुराबाई म्हणाली आणि कडब्याची पेंढी सोडायला लागली.

अप्पा तणतणत घरी आले. कापडच हवंय ना? कापडाचा काय दुष्काळ पडलाय? स्वतःचं कोरं धोतर काढलं, खळ्याच्या कडेला अंथरलं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. आठ दिवसांत त्यावर काळी चिकट नक्षी उमटली. ज्या कापडाला तीस वर्षं हसले, तेच रोज सकाळी वाकून बघताना त्यांना जरासुद्धा लाज वाटली नाही.

तपासणीला लातूरहून तनुजा मॅडम आल्या. तिशीच्या असतील, हातात टॅब, बोलणं कमी. शिवकुमारची भट्टी थंडगार होती. अंगणात सडा घातला होता, चिमणीखाली तुळशीच्या चार कुंड्या मांडल्या होत्या, आणि मॅडमसाठी ताक तयार होतं. ताक बघून अप्पांना घाम फुटला. यंत्राने आकडा दाखवला, तो नियमात होता.

"मॅडम, हे बघा!" अप्पांनी धोतर पुढे केलं. "आठ दिवसांत ही दशा. माझी दाळ बघा, वास घ्या!"

शिवकुमार हसला. त्याने पिशवीतून एक कागद काढला. "मॅडम, काकांनीच आधी काय म्हटलंय ते वाचा. माहितीच्या अधिकारात मागवलं. बारा दिवसांत मिळालं."

मॅडमनी मोठ्याने वाचलं. "पंधरा फुटी भिंतीवरून धुरळा पलीकडे जात नाही. उघड्यावर टाकलेलं कापड हा पुरावा नव्हे." त्यांनी मधली भिंत बघितली, मग धोतर बघितलं, मग अप्पांकडे. "ही भिंतही पंधरा फूटच आहे ना? आणि सही तुमचीच?"

अप्पांनी धोतर पाठीमागे घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचाच कायदा लागला होता आणि तो मिरचीसारखा झोंबत होता. तिकडे खळ्याच्या टोकाला शिवकुमारचा माणूस टेप लावून लांबी-रुंदी मोजत होता, आणि टेपचं दुसरं टोक अमरनाथने धरलं होतं. ज्या खळ्यावर अप्पांचे वडील दाळ परतता परतता गेले, ते खळं!

फाटकाशी चतुराबाई उभी होती. काखेत गाठोडं. आत येत नव्हती आणि जातही नव्हती.

"कागद द्या," अप्पा म्हणाले.

बाकावर बसून त्यांनी लिहिलं. अक्षर लपवलं नाही. धुरळा भिंत ओलांडतो. गिरणीचा कोंडा पूर्वेला जात होता. ग्यानोबा विडी ओढत नव्हते, मी खोटी शपथ घेतली.

"हे तुमच्याही विरोधात जाईल, समजतंय ना?" मॅडमनी विचारलं.

"समजतंय," अप्पा म्हणाले. त्यांना वाटलं होतं, जाऊन जाऊन किती जाईल.

चतुराबाईने कागद घेतला. एकेका अक्षरावर बोट ठेवत फक्त शेवटची ओळ वाचली, दोनदा वाचली, आणि पदराने डोळे पुसले. मग गाठोडं बाकावर ठेवून सोडलं. अप्पांनी मागितला होता एक तुकडा, तिने आणले होते बत्तीस.

मॅडम एकेक घडी उघडत गेल्या. तारीख बघायच्या, बोटाने चोळायच्या, फोटो काढायच्या. पिवळा कोंडा. पिवळा कोंडा. पुन्हा पिवळा कोंडा. काही तुकडे इतके बसलेले, की उलगडताना खपली पडत होती. सगळ्यात शेवटचा, या सालचा तुकडा काळा होता.

"एकतीस तुमचे," मॅडम अप्पांना म्हणाल्या, "आणि एक यांचा."

शिवकुमारचं हसू गेलं. पण अप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला चतुराबाईने तीस वर्षं वाट बघितली होती, आणि तिने ते पोटभर बघून घेतलं.

पंधरा दिवसांनी दोन नोटिसा आल्या. टायरची भट्टी बंद. धूळ पकडायचं यंत्र बसवेपर्यंत गिरणीचा पंखाही बंद, आणि पंख्याशिवाय गिरणी म्हणजे नुसता पत्रा. अमरनाथ बापावर ओरडला, "एवढं खरं कुणी मागितलं होतं तुम्हाला? धुराचं विचारलं होतं ना, कोंड्याचं कशाला लिवलं?" नांदेडच्या व्यापाऱ्याचा फोन आला, तो अप्पांनी उचलला नाही. खळं मोकळं पडलं. त्यावर दाळही नाही आणि टायरंही नाहीत.

एका सकाळी अप्पा रिकाम्या खळ्यावर उभे होते. पूर्वेला भिंतीच्या वर चतुराबाईचं डोकं दिसलं. ती गोठ्याच्या पत्र्यावर चढली होती.

"झालं का समाधान?" अप्पा खालून ओरडले. "गिरणी बुडवलीस माझी! झालं का आता मनासारखं?"

"न्हाई," ती म्हणाली. "ग्यानोबा आला का परत?"

अप्पांनी मान फिरवली. त्यांना वाटलं ती जाईल, पण ती तिथेच उभी राहिली.

"यंत्र बसवलं की परत चालू करणार हाव ना पंखा?"

"करणार! का न्हाई करणार? माझी गिरणी हाय!"

"करा की. मी बी हितंच हाय." तिने पत्र्यावरून हात खाली केला. "ग्यानोबाची धोतरं सरली. आठी बी सरली. ते तुमचं द्या हिकडं."

अप्पांनी आजूबाजूला बघितलं. मॅडमनी न घेतलेलं धोतर त्यांनी त्याच दिवशी परत खळ्याच्या कडेला दगडांखाली ठेवलं होतं, ते अजून तिथेच होतं. मग दगड बाजूला केले, धोतराचा बोळा केला आणि सगळा राग हातात आणून भिंतीवर भिरकावला. चतुराबाईने तो वरच्या वर झेलला.

तिने धोतर उलगडलं, उन्हात धरून बघितलं, काठाला दात लावला आणि फाडून त्याचे चार तुकडे केले. एक येत्या सालासाठी धुवायला वेगळा काढला. बाकीचे तीन त्यापुढच्या सालांसाठी घडी घालून कमरेला खोवले.