वाऱ्याविना उडालेले पत्रे

सोमवारी झेंडावंदनाला मेयर बुएनाफ्लोर यांनी नगरपालिकेच्या सगळ्या नोकरांना महिना दोन हजार पेसोंची पगारवाढ जाहीर केली. निवडणूक तीन महिन्यांवर आली होती, म्हणून त्यांना आमची गरिबी एकदम दिसायला लागली होती. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. मी ठराव टाइप करणारी कारकून, त्यामुळे तिजोरीत खडखडाट आहे हे मला ठाऊक होतं. शिल्लक होता तो फक्त आपत्ती निधी, आणि त्याला हात लावायचा तर आधी आपत्ती यायला हवी.

त्या वर्षी एक मेलं वादळ आमच्या बेटाकडे फिरकेल तर शपथ! मेयरनी आपत्ती अधिकारी मानोय डिंडोला, म्हणजे आमच्या डिंडोदादाला, बोलावून घेतलं.

"डिंडो, आपत्तीच्या ठरावाला नुकसानीचा फोटो जोडावा लागतो."

"मेयर, वाराच नाही तर नुकसान कुठून आणू?"

"वारा नाही, पण पाना आहे ना तुझ्याकडे?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेचे अकरा पत्रे उतरवले. वादळात किनाऱ्यावरची सगळी माणसं याच व्यायामशाळेत आसरा घेतात. बास्केटबॉलच्या खांबाखालचा कोपरा तर माझ्या आईचा, गेली वीस वर्षं ठरलेला. पत्रे वादळाने उडालेले वाटावेत म्हणून डिंडोने ते हातोड्याने वाकवले. फोटोत कुणीतरी रडणारं हवं होतं. मेयरनी मला उभं केलं. मला रडू येईना, तेव्हा कँटीनमधून कांदा आणला.

संध्याकाळी आईला, माझ्या नानायला, सांगितलं. ती वाळत घातलेली मासळी उलटत होती.

"पत्रे परत कधी लावणार?"

"निधी हातात आला की."

"निधी तर तुमच्या पगारात जाणार म्हणालीस."

मी म्हटलं, "तुला राजकारणातलं कळत नाही." दोन हजार पेसो माणसाला काय काय बोलायला लावतात!

ठराव एकमताने पास झाला. पगारवाढीला 'आपत्तीकाळातला विशेष भत्ता' असं गोंडस नाव मिळालं. वाकलेले पत्रे पुन्हा बसेनात आणि नव्यांना पैसा उरला नव्हता. आम्ही मात्र पहिल्याच वाढीव पगारातून वर्गणी काढून एक भलामोठा फ्लेक्स छापला. त्यावर मेयरचं हसरं तोंड आणि खाली 'धन्यवाद, मेयर!' असली लाचारी करायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

मेयर निवडून आले. महिन्याभराने वादळाचा चार नंबरचा बावटा लागला. मेयर तातडीच्या कामासाठी आदल्याच दिवशी मनिलाला गेले होते.

दुपारी मी व्यायामशाळेत पोचले, तर नानाय आपल्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. नेमकं तिच्याच डोक्यावर छप्पर नव्हतं. बाकीच्या भागात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हाताऱ्यांना अन् पोरांना दाटीवाटीने बसवलं होतं. मी आणि डिंडो धावत जाऊन नगरपालिकेवरचा फ्लेक्स उतरवून आणला. कचेरीतले आणखी दोघे आले. चौघांनी चार टोकं धरली, तसा मेयरचा चेहरा नानायच्या डोक्यावर पसरला. वारा तो हिसकावून घेऊ पाहत होता, आमचे हात भरून आले. फ्लेक्स समोरच्या दातांपाशी फाटला आणि तिथून धार थेट तिच्या मानेवर पडायला लागली.

नानायचे ओठ निळे पडले होते. तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"लोर्ना, त्या फोटोतली रडणारी बाई तूच ना गं?"

"हो, नानाय."

"मग आता रड की! का फोटो काढणारा यायचाय अजून?"

माझे दोन्ही हात फ्लेक्सला गुंतलेले होते, डोळे पुसायलाही मोकळे नव्हते. या वेळी कांदा लागला नाही.