रक्ताचा संशय

घड्याळजींच्या घरात धाकट्या काकाचा विषय कोणी काढत नसे. काका ट्रक चालवायचा. जागं राहायला गोळ्या घ्यायला लागला आणि त्या गोळ्यांनीच त्याला गिळलं. "ते रक्तातच असतं," एवढंच घड्याळजी पुटपुटत.

मुलगी जाहिरात कंपनीत लागली आणि त्यांच्या संशयाला पाय फुटले. तिचं जेवण कमी झालं, झोप उडाली. ती बोलू लागली की ते तिच्या बुबुळांकडे बघत. ती आंघोळीला गेली की पर्स उलटी करत. एकदा एक गोळी सापडली, तशी ती घेऊन ते तडक औषधाच्या दुकानात गेले.

"अहो, डोकं दुखलं की घेतात ही," दुकानदार म्हणाला. तरी त्यांना पटलं नाही.

रविवारी त्यांची थोरली बहीण आली. ती व्यसनमुक्ती केंद्रात डॉक्टर होती. तिच्यासमोरच मुलीने बापाला पर्स चाचपताना पकडलं.

"बाबा, काय शोधताय?"

"तुला ठाऊक आहे. काकाचंच रक्त आहे तुझ्यात."

"अरे, तेच रक्त तुझ्यामाझ्यातही आहे," आत्या म्हणाली. "आपली झडती कोण घेतंय? जनुकांमुळे धोका वाढतो, हे खरं. पण तो काही ललाटलेख नाही. कामाचा ताण, संगत, घरातलं वागणं, सगळं त्यात मिसळतं. आणि जनुकं पर्समध्ये सापडत नाहीत."

मुलगी खाली बसली. "जागं राहायची गोळी मी एकदा घेतली," ती म्हणाली. "ऑफिसात सगळे घेतात. इतकं बरं वाटलं, की भीतीच वाटली. परत घेतली नाही, पण रोज आठवण येते. सांगणार कुणाला? तुम्ही तर आधीच निकाल देऊन बसलात."

घड्याळजींनी पर्स बाजूला ठेवली. संशय खरा ठरला होता, आणि त्यांना काडीचंही समाधान वाटलं नाही. इतके दिवस पोर एकटीच झुंजत होती आणि बाप पाळत ठेवत होता!

ते तिच्याशेजारी बसले आणि पहिल्यांदाच धाकट्या भावाबद्दल बोलले. तो किती हसरा होता, कसा खंगत गेला, आपण त्याला घरात घ्यायचं कसं नाकारलं, सगळं. सोमवारी आत्याच्या केंद्रात ते मुलीसोबत गेले. पुढे तिने कामाची जागा बदलली. मोह लगेच गेला नाही, पण तो आला की ती आता बापाला हाक मारते.

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरांत असा एखादा काका असतो. त्याची गोष्ट मुलांपासून लपवू नका. रक्तातून आलेला धोका आपल्या हातात नसतो, पण मुलांना मोकळेपणाने बोलता येईल असं घर ठेवणं नक्कीच असतं.