राखणीची किटली

दूध केंद्रावरची मशीन दर सहाव्या दिवशी पडायची. पावसाळाभर तिनं एकदाही कुरकुर केली नव्हती. दिवाळी सरली आणि हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं. स्क्रीन काळी, कॉम्प्रेसर बंद, टाकीतलं दूध ढवळणंही बंद. कुणाच्या वेळेवर ध्यानात आलं तर ठीक, नाहीतर गावाचं दूध नासायचं आणि टँकरवाला नाक मुरडून रिकामाच निघून जायचा.

ही मशीन वैष्णवीची. म्हणजे तिचा प्रोग्रॅम पुण्याच्या एका छोट्या कंपनीत बसून वैष्णवीनं लिहिला होता. वजन घे, फॅट मोज, दूध थंड ठेव, आणि हे सगळं ठरल्या क्षणाला कर. पहिली मशीन नांदूरघाटाजवळच्या आपल्याच गावात बसवायची, हा हट्टही तिचाच. आता केंद्राचे चेअरमन विजयसिंह फोनवर म्हणाले होते, "पोरी, तू आपली हायेस म्हणून चार टायमाला गप बसलो. आता पुन्हा पडली, तर उचलून ने."

वैष्णवी रजा टाकून निघाली. मांजरसुंब्याला बस सोडली, जीप धरली आणि दुपारी गावात पोचली. घराला कुलूप होतं. आईवडील, मंगल आणि त्रिंबक, कारखान्याला ऊस तोडायला गेलेले. पोरगी कमवायला लागली तरी त्रिंबक घरी बसेना. "यंदाचा शेवटचा पट्टा," असं तो सलग दुसऱ्या वर्षी हंगामाला निघताना म्हणाला होता.

मशीन का पडते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, एक वैष्णवी सोडून. केंद्रावर दूध मापून घेणारा अजिनाथ म्हणायचा, लाईटीचा दोष. चेअरमन म्हणायचे, उंदीर. तिनं आधीच्या खेपेला वीजपुरवठ्याचा डबा बदलून पाठवला होता. त्यानं काडीचाही फरक पडला नव्हता. पुण्याच्या टेबलावर तर ही बया तीन महिने न थांबता चालली होती.

हाती एकच धागा होता. पडण्याआधी मशीन नोंद करून ठेवायची, की कर्नेलला जागा मिळाली नाही. कर्नेल म्हणजे प्रोग्रॅमचा कारभारी. कुठलं काम कधी करायचं ते तो ठरवतो. त्याच्याकडे मोजून दोनशे छप्पन्न खण. किटली काट्यावर ठेवून नंबर दाबला की एक खण घ्यायचा, नोंद झाली की परत करायचा. कुणीतरी खण घेत होतं आणि परत करत नव्हतं. सगळे खण संपले की कारभारी हात टेकायचा.

वैष्णवीनं आल्याआल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात रिकाम्या खणांचा आकडा दिसेल अशी सोय केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन बंद करून चालू केली नि स्वेटर घालून अजिनाथशेजारी पालथ्या क्रेटवर जाऊन बसली.

धोंडीरामची किटली आली. दोनशे पंचावन्न. नोंद झाली, पुन्हा दोनशे छप्पन्न. बायडाबाई आली, तेच. मग दोन हातांत दोन किटल्या घेऊन चतुराबाई आली. ही वैष्णवीची शेजारीण. आईवडील कारखान्याला गेले की वैष्णवीचे हिवाळे हिच्याच चुलीपाशी गेलेले. चतुराबाईनं एक किटली काट्यावर ठेवली. अजिनाथनं तिचं तोंड बघितलं आणि तिचा सतरा नंबर दाबला.

"आज्या, दोरी बघ की," चतुराबाई म्हणाली. "त्रिंबकभाऊची हाय."

किटलीच्या कानाला लाल दोरी बांधलेली होती. "हां, चुकलं बघा," म्हणत अजिनाथनं रद्दचं बटण दाबलं, बेचाळीस नंबर घातला, नोंद केली. कोपऱ्यातला आकडा दोनशे पंचावन्नवरच राहिला. वैष्णवी क्रेटवरून पडायचीच बाकी राहिली.

दिवाळीनंतर गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, आणि गायी शेजाऱ्याकडे राखणीला राहतात. राखणीचं दूध आपल्या दुधात मिसळायचं नाही. त्या किटलीला लाल दोरी बांधायची, आणि केंद्रावर आधी तीच किटली, मग आपली. लाईट गेली, टाकी भरली, तर मागं राहायचं ते आपल्या दुधानं, दुसऱ्याच्या नाही. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण मोडलेलंही कुणी बघितलं नाही. अजिनाथचा हात मात्र माणूस दिसलं की त्याचाच नंबर दाबून मोकळा व्हायचा.

दूध गोळा होऊन संपलं तेव्हा आकडा दोनशे पस्तीसवर आला होता. एका सकाळी एकवीस खण गेले. संध्याकाळी तितकेच जाणार. सहा दिवसांत सगळे. पावसाळ्यात माणसं घरी, म्हणून दोऱ्या नाहीत, म्हणून रद्द नाही, म्हणून मशीन ठणठणीत. वैष्णवीनं लॅपटॉप उघडला. रद्द केल्यावर खण परत करायची ओळ तिनं लिहिलीच नव्हती. पुण्यात रद्द दाबतंय कोण? तिला हसू आलं आणि लाजही वाटली. ही दोरी बघत ती लहानाची मोठी झाली होती, आणि नेमका प्रोग्रॅम लिहिताना तिला ती आठवली नाही.

चेअरमनना कळलं तसा त्यांचा चेहरा खुलला. "मंग सोपं हाय की! उद्यापासून आधी आपली किटली, मंग राखणीची. आज्या चुकणार न्हाई, मशीन पडणार न्हाई. ऱ्हाऊ दे तुजी मशीन."

चतुराबाई लाल दोरी बोटाला गुंडाळत उभी राहिली.

वैष्णवीनं मान डोलावली असती तर काम तिथंच मिटलं असतं. मशीन राहिली असती, नाव राहिलं असतं. पण तिला ते पटेना. "आबा, चूक आज्यादादाची न्हाई, दोरीची बी न्हाई. माजी हाय. मशीन सुधरायची, गावानं कावून बदलायचं?"

"आन् पडली तर?"

"तर उचलून नेते."

दुपारी टाकी रिकामी झाल्यावर तिनं मशीन पुन्हा चालू केली आणि अजिनाथला बसवलं. नंबर दाब, रद्द कर. नंबर दाब, रद्द कर. बायडाबाई मोठ्यानं मोजत होती, बाया दारात गर्दी करून उभ्या. दोनशे छप्पन्न झाले, सत्तावन्नाव्याला स्क्रीन काळी. अजिनाथनं कपाळाला हात लावला. वैष्णवीनं मात्र टाळी वाजवली, कारण हवी तेव्हा पाडता येते ती मशीन दुरुस्तही करता येते.

मग तिनं राहिलेली ओळ लिहिली, प्रोग्रॅम भरला, आणि पुन्हा पहिल्यापासून. सत्तावन्नावा गेला, स्क्रीन चालूच. पाचशेला चहा आला. अजिनाथचं बोट दुखायला लागलं, तसं शेवटचं शतक चेअरमननी स्वतः दाबलं. हजार झाले. कोपऱ्यात दोनशे छप्पन्न.

"काय झालतं गं तिला?" चतुराबाईनं विचारलं.

"घेतलेलं परत देत नव्हती, काकू."

"इसरली आसंल," चतुराबाई म्हणाली आणि वैष्णवीकडं बघून हसली. "पुण्याची ना ती."

वैष्णवी पुण्याला परतली, पण जीव सहाव्या दिवसात अडकलेला. तो दिवस गेला. सातव्या दिवशी सकाळी तिनं न राहवून अजिनाथला फोन लावला. पलीकडं किटल्यांचा खणखणाट, आणि त्यात चतुराबाईचा आवाज, "आज्या, दोरी बघ की!" मग रद्दच्या बटणाची टिकटिक.

"आकडा किती, दादा?"

"दोनशे छप्पन्न. हलंना बघ."

तिनं लगेच आईला लावला. मंगल उसाच्या फडात होती. मागं कोयत्यांचे आवाज. आईनं नेहमीसारखं पहिलं तेच विचारलं, "गाय कशी हाय?"

"चांगली हाय," वैष्णवी म्हणाली. "आपलं दूध काकूंच्या आधी गेलं, आई."

"ते तर जातंच की," मंगल म्हणाली.