वॉर्ड दोनचा निकाल

सकिनाबीच्या दारात शंभुलिंगने हात जोडले, पण पुढचे वाक्य त्याच्या तोंडातून निघेना. मागे उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाने त्याच्या हातातले पत्रक काढून म्हातारीकडे दिले.

"बी, कपबशी ध्यानात ठेवा. वॉर्ड दोन. ग्रामविकास पॅनल."

सकिनाबीने पत्रकातला फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, मग समोरचा माणूस पाहिला.

"ह्यास्नी काय वळखायचं? एकोणीस दिस मांडीला मांडी लावून बसलो आमी."

मागची दोघे हसली. शंभुलिंगला वाटले, हिने आता दार लावून घ्यावे, चार शब्द सुनावावेत. सकिनाबीने पत्रकाची घडी घातली आणि पदराच्या गाठीत खोचली.

दाभेगावात पंचवीस वर्षांत ग्रामपंचायतीचे मतदान झाले नव्हते. महादेवाच्या मंडपात गावचे पुढारी, शाळेचे संस्थाचालक श्रीशैलअप्पा नऊ नावे वाचून दाखवत आणि बाकीचे आपले अर्ज मागे घेत. तिशीतल्या पोरींच्या बोटाला पंचायतीची शाई कधी लागली नव्हती. गेल्या वर्षी निखतने माहितीच्या अधिकारात ग्रामसभेच्या रजिस्टरची नक्कल मिळवली. निखत कपडे शिवायची, बीए झालेली, बोलायला फटकळ. ज्या ग्रामसभा कधी भरल्याच नव्हत्या, त्यांच्या हजेरीत दीडशे सह्या होत्या. एक सही गुंडप्पाची होती. शंभुलिंगच्या वडिलांची. ते वारून चार वर्षे झाली होती.

ती सही बघून शंभुलिंगने घरातला जमखाना खांद्यावर टाकला आणि पंचायतीसमोर अंथरला. "ग्रामसभा घ्या, निवडणूक होऊ द्या." मागण्या दोनच होत्या. पहिल्या दिवशी सात माणसे बसली, विसाव्या दिवशी दोनशे. त्या विसाव्या दिवशी शंभुलिंग मात्र घरीच राहिला, कारण सकाळीच श्रीशैलअप्पा त्याच्याकडे चहाला आले होते.

अप्पा आवाज चढवून कधीच बोलत नसत. त्यांनी नागम्माला वहिनी म्हटले, चहात आले छान पडल्याचे सांगितले.

"बसवेश बिनपगारी शिकवतोय, त्याचं सहावं वर्ष न्हवं का आपल्या शाळेत? जूनला मान्यतेचा प्रस्ताव जाईल. तुमचं पोर म्हणून नाव वरतीच ठेवलंय."

एवढेच. आंदोलनाचा शब्दसुद्धा त्यांनी काढला नाही. ते गेल्यावर नागम्मा कपबशा उचलत म्हणाली, "अवो, पोराला दोन लेकरं हायत." शंभुलिंग त्या दिवशी रानात गेला आणि अंधार पडेपर्यंत परतला नाही. जमखाना आणायलाही तो गेला नाही. तेहतिसाव्या दिवशी पोलिसांनी सोळा बायांना गाडीत घातले तेव्हाही तो रानातच होता. एक्केचाळिसाव्या दिवशी चौकशीचा आदेश आला आणि आंदोलन उठले. मग निवडणूक लागली, आणि ह्या वेळी कुणीच अर्ज मागे घेतला नाही.

अप्पा दुसऱ्यांदा आले ते उमेदवारी अर्ज घेऊनच.

"वॉर्ड दोनला ती पोरगी उभी राहतीय. तिच्यासमोर आमच्यातला कुणी चालायचा न्हाय. चांगला माणूस पायजे."

"अप्पा, मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायची गरज न्हाय. सही करा."

त्याने सही केली. वडिलांची खोटी सही ज्यांनी केली, त्यांच्यासमोर त्याने आपली खरी सही केली. शाई वाळेपर्यंत तो त्या कागदाकडे बघत राहिला.

प्रचार संपायच्या आदल्या दुपारी तो एकटाच निखतच्या दुकानात गेला. ती मशीनवर होती. तिने पाय थांबवला नाही.

"पोरी, म्या हारतोय. तू घोर करू नको."

"मामा, हारायला उभं राहिलात का?"

तिने दोरा दाताने तोडला.

"बसवेशदादासाठी, व्हय ना?"

शंभुलिंगने दाराच्या चौकटीवर हात टेकला. निखतच्या आवाजात राग नव्हता, ते त्याला जास्त लागले.

"माझी जागा गेली तरी मला काय वाटायचं न्हाय. पण त्या एक्केचाळीस दिवसांचं खरं-खोटं हितं ठरणार हाय. गाव आमच्या बाजूनं होतं का नुसतं बघायला येत होतं, ते."

"गाव तुमच्याच बाजूनं हाय."

"आन् तुमी?"

मतदानाच्या दिवशी तो रांगेत सगळ्यांच्या मागे राहिला. पडद्याआड यंत्रासमोर उभा राहिल्यावर त्याने कपबशीशेजारच्या आपल्या नावाकडे पाहिलेच नाही. निखतच्या पंखा चिन्हासमोरचे बटण दाबले. यंत्राचा लांब आवाज झाला. बाहेर येताना कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास आला. नागम्माने कुणाला दिले ते त्याने विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

मतमोजणी धाराशिवला तहसीलमध्ये होती. दाभेगावची पाळी अकराला आली. सरपंचपदाला आंदोलनातल्या तुळजाबाई चारशे मतांनी निवडून आल्या, तेव्हा फाटकाबाहेर बायांनी एकच कल्ला केला. वॉर्ड एकच्या तिन्ही जागा आंदोलनाच्या ग्रामसभा पॅनलला. वॉर्ड तीनच्या तिन्ही तिकडेच. शंभुलिंग भिंतीला टेकून उभा होता. अप्पांच्या बाजूचा, बसवेशच्याच शाळेचा कारकून शेजारी उभा राहून घाम पुसत होता, आणि शंभुलिंगला मनातून बरे वाटत होते. पंचवीस वर्षांच्या सगळ्याला गावाने एका सकाळी उत्तर दिले होते.

वॉर्ड दोनच्या पहिल्या दोन जागाही तिकडे गेल्या. मग कर्मचाऱ्याने तिसऱ्या जागेचे आकडे वाचले. निखत, दोनशे एकोणपन्नास. शंभुलिंग, तीनशे बारा.

त्याला वाटले, नावे उलटी वाचली. तो पुढे होऊन म्हणाला, "साहेब, परत एकदा बघता का?"

कर्मचारी हसला. "काका, निवडून आलेला माणूस फेरमोजणी मागत नसतो."

फाटकाबाहेर त्याला पॅनलच्या माणसांनी उचलले. त्यांच्याकडे उचलायला दुसरे कुणीच नव्हते. गुलाल त्याच्या डोळ्यांत गेला. डोळे चोळत खाली उतरतो तोच समोर सकिनाबी.

"मुबारक भाऊ! आमच्या गल्लीनं समदं तुमालाच टाकलं."

"मला? निखत उभी होती ना, बी?"

"ती बी आपलीच. पण तिचं उद्या लगीन होईल, जाईल सासरला. तुमी ऱ्हानार." तिने आवाज खाली आणला. "आन् तुमी तिकडं मुद्दाम शिरलात, ते काय आमाला कळत न्हाय व्हय? त्यांच्यात आपला एक माणूस पायजेच. दोघांपैकी कुनाला बी दिलं तरी आंदोलनालाच दिल्यासारकं."

शंभुलिंगने तोंड उघडले. म्हातारी त्याच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती की त्याने ते पुन्हा मिटले.

संध्याकाळी श्रीशैलअप्पा आले. हार घालून झाल्यावर खुर्ची जवळ ओढून बसले.

"आठ जागा गेल्या, जाऊ द्या. पुढारीण पडली. उद्या पेपरला आपण हेच देणार, की दाभेगावानं आंदोलन नाकारलं. आन् ग्रामसभेत आपल्या बाजूनं तुमी बोलायचं. पाच वर्षं."

"अप्पा, मला जमायचं न्हाय."

"जमतं," अप्पा मायेने म्हणाले. "बसवेशचा कागद म्या जूनला सोडतोच."

बसवेश आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला नाही. त्याच्या लेकराला गप्प करण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

दुसऱ्या दिवशी शंभुलिंग को‍ऱ्या कागदाची घडी खिशात घालून निखतच्या दुकानात गेला. सकाळचे गिऱ्हाईक अजून आले नव्हते. बाकावर बसून त्याने कागद गुडघ्यावर पसरला.

"राजीनामा लिही. म्या सही करतो. परत निवडणूक लागंल, तू उभी राहा."

निखतने कागदाकडे पाहिले. तिचे डोळे सुजलेले होते.

"बसवेशदादाचं काय?"

"व्हईल ते व्हईल. तू लिही."

तिने कागद त्याच्याकडे सरकवला.

"तीनशे बारा माणसांनी दिलंय, मामा. कशापायी दिलं ते सोडा. त्यांनी चुकीचं दिलं म्हणून तुमी आन् मी हितं बसून फेकून द्यायचं? मग अप्पा मंडपात काय येगळं करत होते?"

"पन त्यांची समजूत खोटी हाय गं."

"मग जाऊन सांगा त्यांना. घरोघर जावा."

शंभुलिंग कागदाच्या कडा दुमडत राहिला. तीनशे बारा दारे. पहिलेच दार सकिनाबीचे.

"गुरुवारी ग्रामसभा हाय," निखत म्हणाली. "पहिली खरी. म्या पुढं बसणार. रजिस्टरातल्या सह्या कुणी केल्या, ते तुमच्या पॅनलला विचारणार. म्हंजी तुमालाच. दुसरं कोण हाय?"

तिने मशीनचे चाक हाताने फिरवले आणि शिवण सुरू केली. तेवढ्यात एक बाई कापडाची पिशवी घेऊन आत आली आणि बाकाजवळ थांबली.

"मेंबर, वाईच सरका की."

शंभुलिंगने वळून पाहिले. मागे नुसती भिंत होती. तो सरकला.